अंगठा हलव

९ जुलै १९८६, बुधवार

सगळं ठीक आहे, असं आधी लिहून टाकते. हे माजघरात पडलेत, सासूबाई पडवीत सुकट निवडतायत, बाहेर पाऊस लागलाय. बाहेरून कुणी बघितलं तर काहीच कळणार नाही.

सासूबाईंना वाचता येत नाही आणि हे माझ्या वहीला हात लावत नाहीत. म्हणून इथे खरं लिहिता येतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मासेमारी बंद झाली आणि हे मुंबईला एक खेप करून आले. ट्रंकेत, टॉवेलात गुंडाळून त्यांनी हातकड्या आणल्या होत्या. खऱ्या, लोखंडी, एका किल्लीच्या. मला वाटलं थट्टा आहे. थट्टाच होती, पण मग ती राहिली. हात यांचे आणि किल्ली माझी. लोक उलटंच धरून चालतील. मी विचारलं होतं, यात तुम्हाला काय मिळतं? तर म्हणाले, "सत्ये, धा म्हयने ह्ये हात दोर वडतात. हितं त्येंना कुणी काम सांगत नाय." आणि मला काय मिळतं? तेवढा वेळ ते कुठे जात नाहीत. खेळात मी त्यांना चक्क नावाने हाक मारते, आनंदा म्हणते, अरे-तुरे करते. एरवी अकरा वर्षांत कधी केलं नाही.

थांबायचं असेल तर एक शब्द ठरवला होता. नांगर. तो म्हटला की मी हसायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही, किल्ली लावायची. वर्षभरात त्यांनी तो एकदाही म्हटला नाही. मला त्याचं कौतुक होतं. आज नाही.

आज सासूबाई सुकट घेऊन संगमेश्वराकडे गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय येणार नव्हत्या. घरात आम्ही तिघंच, त्यातलं एक माणूस गेलं की दुपार आमची. यांच्या उजव्या मनगटात चांदीचं कडं आहे. लहानपणी होडीतून पडून वाचले तेव्हा सासूबाईंनी घातलेलं, नवसाचं. पंजा वाढला, आता ते निघत नाही. एरवी मी ते कोपराकडे सरकवते आणि मगच कडी लावते. आज हसण्याच्या नादात राहिलं. कडी कड्याला लागूनच बसली. हे कुशीवर वळले तेव्हा कट्‌कट् असा आवाज झाला आणि ती आणखी दोन दाते आवळली. कडं घसरून तिच्याखाली गेलं.

"सोडते हां," मी म्हटलं. डावी सुटली. उजवीचं किल्लीचं भोक आत वळलं होतं, कड्याला टेकून. किल्ली शिरेना. फिरवावी तर कडी फिरेना.

आणि अंगणात सासूबाईंचा आवाज. बावनदीला पाणी चढलं म्हणून एस.टी. अर्ध्यातून परत फिरली होती.

मी यांच्या अंगावर घोंगडी टाकली, मानेपर्यंत. ताप आलाय म्हटलं. सासूबाई उशाशी बसल्या आणि एस.टी.ची कथा सांगत राहिल्या. ड्रायव्हर काय म्हणाला, कुणाच्या टोपलीतली कोंबडी सुटली. एरवी पाय मोकळे करायला पाच मिनिटं बसत नाहीत, आज हलेनात. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास गेला. हे घामाने भिजले होते. मी नुसती उभी.

शेवटी त्या विहिरीवर गेल्या. यांच्या हत्यारांच्या डब्यातलं करवतीचं पातं काढलं, खाली पळीचा दांडा सरकवला आणि कडं कापलं. नवसाचं कडं मी माझ्या हाताने कापलं. मग किल्ली शिरली.

हात सुजून निळसर झाला होता. हे म्हणाले, "काय नाय, उतरेल." मग अंगठा चोळत म्हणाले, "ह्यो कुनाचा हाय कुनास ठाव."

११ जुलै

सूज उतरली. अंगठ्याची पाठ आणि पहिल्या बोटाचा निम्मा भाग अजून बधिर. चिमटा काढला तर म्हणतात, काढलास काय?

कड्याचे दोन तुकडे मी तांदळाच्या डब्यात तळाशी लपवलेत. सासूबाईंना सांगितलं, गांधील चावली, हात सुजला, कडं कापावं लागलं. त्यांनी यांचे हात धरून खिडकीशी नेले, बघितले. म्हणाल्या, "दोन्ही हातांना चावली काय रे? हुशार गांधील व्हती." आणि भाकऱ्या थापायला गेल्या. म्हातारीची नजर कमी झाली, जीभ शाबूत आहे. पुढे काही बोलल्या नाहीत म्हणजे पटलं असावं.

१४ जुलै, सोमवार

शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ठरवलं होतं, होडीचा दोर आवळला असं सांगायचं. डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला लावून सुईने टोचलं. सहा वेळा टोचलं, दोन वेळा कळलं. चिमटीत कागद धरायला लावला आणि ओढला, तर कागद सुटून आला. हे हसले. मला हसू आलं नाही.

"शीर चेपलीय. तुटलेली नाही. येईल, पण महिने लागतील. दोराचं काम अजिबात नको." गोळ्या लिहून दिल्या. मग मला म्हणाले, "बाई, जरा तुमचे हात बघू." मी हात पुढे केले. बांगड्या वर सरकवून त्यांनी माझी मनगटं उलटी-पालटी करून बघितली आणि विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो, सासूबाईंना थोडा खोकला आहे."

डॉक्टर भला माणूस, सगळ्या घराची चौकशी करतो.

महिने लागतील म्हणाले. नारळी पौर्णिमा एकोणीस ऑगस्टला. मग होड्या बाहेर पडणार. यांचं काम विंचवर, जाळं ओढणाऱ्या यंत्रावर. लोखंडी दोर ड्रमवर गुंडाळला जात असताना तो ताठ आहे की सैल, हे हाताला कळावं लागतं, डोळ्याला नव्हे. गेल्या साली आमच्याच आळीतल्या काशीरामची दोन बोटं विंचने नेली. त्याचा हात तर धडधाकट होता.

मी हे यांना म्हटलं. म्हणाले, "पाच आठवडे हायत. तू आदीच रडून ठेव."

२२ जुलै, मंगळवार

आज एक धाडस केलं. आमच्या पलीकडे रावजीकाका राहतात. तीस वर्षं तुरुंगात शिपाई होते, आता घरी बसून छत्र्या दुरुस्त करतात. मी बालवाडीत शिकवते, तिथून येताना मुद्दाम छत्रीची काडी वाकवली आणि त्यांच्याकडे गेले.

विषय कसा काढायचा ते पाठ करून ठेवलं होतं. म्हटलं, "काका, शिमग्याला खेळ्यांमध्ये एक चोराचं सोंग काढणार आहेत. त्याला बेड्या घालायच्या तर कशा घालतात हो?"

काका छत्रीतून मान वर न करता म्हणाले, "शिमग्याला अजून आठ म्हयने हायत."

"तयारी," मी म्हटलं.

"सोंगाला पुठ्ठ्याच्या कराव्यात. चांदी लावायची वरनं."

"लोखंडाच्याच हव्यात म्हणतायत."

मग त्यांनी छत्री बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं, आणि शिकवायला लागले. पंच्याच्या दोन पिळांनी स्वतःच्याच मनगटावर दाखवलं. आधी मनगट उघडं करायचं. घड्याळ, कडं, गंडा, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. हाडावर कडी बसवायची नाही. किल्लीचं भोक बाहेर, आपल्याला दिसेल असं. लावल्यावर आत करंगळी शिरली पाहिजे, सगळीकडून फिरली पाहिजे. "आणि कडीच्या अंगाला येक बारीक भोक नायतर खटका आसतो. तो किल्लीच्या टोच्यानं दाबला की कडी पुढं आवळत नाय. हिसका दिला तरी नाय. लई जणांना ठावंच नसतं."

किल्लीच्या मागे तो टोचा आहे. वर्षभर मी तो शोभेचा समजत होते.

"आडवं झोपवायचं नाय त्येच्या अंगाखाली हात दाबून. एकट्याला सोडून जायाचं नाय, पाणी आणायलासुदा नाय. आणि घडी घडी म्हणायचं, अंगठा हलव. नाय हलला, मुंग्या आल्या म्हणला, की त्याच घडीला काढायची. मग बाहेर सायेब असो नायतर सायबाचा बाप." काका थोडं थांबले. "गुन्हेगार सरकारचा असंल, हात त्येचा सोताचा आसतो गो."

मला रडू येईल असं वाटलं म्हणून उठले. छत्री विसरले. काकांनी मागून हाक मारली, "सत्यवती, त्या सोंगवाल्याला सांग, किल्ली एक नको. दोन करून घे. एक गळ्यात, एक खिळ्याला."

घरी येऊन आरशात बघितलं. मंगळसूत्रात ती किल्ली तशीच अडकवलेली होती. पदराखाली झाकलेली असते, दिसली नसेल.

३१ जुलै

जाळी बाहेर काढली. पावसाळ्यात पडवीभर जाळं पसरून हे फाटलेलं तुणतात. दिवसभर बसतात. सुई उजव्या चिमटीत धरावी लागते आणि ती सारखी पडते. पडली की इकडे तिकडे बघून उचलतात. मी स्वयंपाकघरातून बघते आणि बघत नाही असं दाखवते.

गाठी सैल बसतायत. मी बोटाने ओढून बघितलं, पाचातल्या तीन सरकल्या. नायलॉनचा दोरा, जरा ढिलाई चालत नाही. यांना म्हटलं नाही.

त्या हातकड्या ट्रंकेत आहेत. टॉवेलाची ती गुंडाळी दिसली की मी झाकण लावून टाकते.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी चुलीवरून भाताचं पातेलं यांनीच उतरवलं, फडक्याने. मी नारळ खवत होते. वास आला. आधी वाटलं भात लागला. बघते तर फडकं सरकलेलं आणि अंगठ्याची पाठ पातेल्याच्या काठाला टेकलेली. हे शांतपणे मला विचारतायत, "ह्ये कुटं ठेवू?"

मी ओरडले. त्यांनी हाताकडे बघितलं. फोड आला होता. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी कधी बघितलं नव्हतं. वादळात होडी सापडली होती त्या साली परत आले, तेव्हासुद्धा नव्हतं.

सासूबाई खोबरेल घेऊन आल्या. फुंकर घालत होत्या, लहान पोराला घालावी तशी. काही विचारलं नाही. मी आत जाऊन रडले. मी केलंय हे. त्यांनी हात माझ्या भरवशावर दिले होते.

१० ऑगस्ट, नागपंचमी

देवा, तुझे उपकार. गाठी बसायला लागल्या!

गेले चार दिवस बघतेय. संध्याकाळी हे उठतात तेव्हा मला ओढून बघायचा धीर होत नाही, पण सकाळी जाळं ओढून बघते तर एकेक गाठ अशी घट्ट की नख शिरणार नाही. आज यांनाही दाखवलं. स्वतःच ओढून बघितलं आणि म्हणाले, "काल बांदताना वाटलं व्हतं सुटतील. पण धरल्यात बघ." किती दिवसांनी हसले. दोऱ्याची टोकं मात्र चावल्यासारखी दिसतात. एरवी सुरीने साफ कापतात. घाईत असतील. टोकांचं काय एवढं, गाठ महत्त्वाची.

सासूबाईंना हल्ली झोप नाही. पहाटे कंदील घेऊन पडवीत बसतात. वय झालं. खोकल्याचं औषध आणायला हवं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बालवाडीत झेंडावंदन. घरी आले तर जानू तांडेल पडवीत. होडीवर त्याचाच हुकूम चालतो. गाठी बघत होता. "आनंदा, तुज्या हाताला तोड नाय रं. गांधील चावली व्हती म्हंतात?" हे म्हणाले, कधीच उतरली. ठरलं, पुनवेला पूजा आणि वीस तारखेला पहाटे बाहेर पडायचं. विंचवर हेच.

मी चहा दिला. सासूबाईंनी घेतला नाही. जानू गेल्यावर म्हणाल्या, "यंदा चार दिवस उशिरा गेला तर चालणार नाय काय?" हे हसले, "आये, मासा माजी वाट बगत थांबणार हाय?"

गाठी बसतायत म्हणजे हात बरा. बरा नसता तर बसल्या असत्या का? मी स्वतःला हे दिवसातून वीस वेळा सांगते. वीस वेळा सांगावं का लागतं, तेही कळतं.

१७ ऑगस्ट, रविवार

जे बघितलं ते आधी लिहिते.

पहाटे उजाडायच्या जरा आधी जाग आली. पडवीतला कंदील दिसला. औषधाची बाटली घेऊन गेले. सासूबाई जाळ्यात बसल्या होत्या. यांनी काल घातलेली एकेक गाठ नखाने उकलत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. बांधली की दोरा उरलेल्या चार दातांनी तोडत होत्या.

मी खालीच बसले.

"गप," त्या म्हणाल्या. "त्याला जाग येईल."

"कधीपासून?"

"नागपंचमीच्या आदीपासनं. हात भाजला त्या दिवसापासनं. जानूनं सैल गाठ बगितली आसती तर? ह्या घरच्या जाळ्याला कुणी नाव ठेवलेलं नाय आजपतुर. त्याला वाटलं आसतं माजा हात गेला. मला वाटलं, तवर येईल हात."

"आये, पण आता ते बोटीवर निघालेत. त्यांना वाटतंय हात बरा झाला. मलाही तेच वाटत होतं! विंच आहे तिथे. तिथे मागून गाठ कोण बांधणार?"

त्यांच्या हातातली सुई थांबली. मला वाटतं, तेव्हाच त्यांना ते उमगलं.

मग मी म्हटलं. कसं म्हटलं कुणास ठाऊक. "आये, ती गांधील नव्हती."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"घोंगडीखाली लोखंड वाजत व्हतं. तापानं दात वाजतात गो. लोखंड नाय वाजत."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, जाळ्याकडे बघून बोलत होत्या. "मी तवाच उठणार व्हते. पण तुज्या तोंडावर येवडी लाज. म्हंटलं, मी लगेच उठले तर तुमाला वाटंल म्हातारीला कळलं. म्हून बसले. एस.टी.चं सांगत बसले. काय सांगत व्हते मलाच ठावं नाय. कोंबडी बिंबडी कायसुदा नव्हती. हितं माज्या पोराचा हात मरत व्हता आणि मी कोंबडी सांगत व्हते."

आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, तोंडात पदर धरून.

पाऊण तास. मी लाजेने उभी होते, त्या लाजेने बसल्या होत्या आणि हे लाजेने पडले होते. तिघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर हात वाचला असता. रावजीकाकांनी सगळं सांगितलं, खटका, करंगळी, किल्लीचं भोक. पण बाहेर साहेब असो की साहेबाचा बाप, त्याच घडीला काढायची, हे जे सांगितलं, ते आम्हाला येत नव्हतं.

सासूबाईंनी डोळे पुसले. "त्याला तू सांग. मी सांगितलं तर तो ऐकंल, पण माज्याकडं कधी वर बगणार नाय."

१८ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं.

सासूबाई मुद्दाम शेजारी जाऊन बसल्या. मी यांना पडवीत बसवलं, दोऱ्याचे दोन तुकडे घेतले, एक पाण्यात भिजवला. म्हटलं, "डोळे मिटा." खेळात म्हणते त्याच आवाजात म्हटलं असावं, कारण हसून मिटले. अंगठ्याच्या पाठीवर ओला फिरवला. "ओला की सुका?"

"सुका."

सुका फिरवला. "सुका," म्हणाले. पुन्हा ओला. बराच वेळ गेला. "लावलास काय?"

मी म्हटलं, उघडा डोळे. दोरा अंगठ्यावरच होता, पाणी मनगटावरून ओघळत होतं.

मग जाळं पुढे ओढून चावलेली टोकं दाखवली. त्यांनी एक टोक हातात घेतलं. लगेच ओळखलं. आईचे दात लेकराला ओळखू येतात.

ते चिडतील हे मला माहीत होतं, पण एवढे चिडतील असं वाटलं नव्हतं. जाळं लाथेने उडवलं. "आय आणि बायकू मिळून माजे हात बांदताय काय? येकदा बांदलेस ते पुरे नाय झाले?"

ते वाक्य मला लागायचं तिथेच लागलं. पण मी हलले नाही. म्हटलं, "बांधले तेव्हा तुमच्याकडे शब्द होता. तुम्ही म्हटला असता तर कडं कापायला मी आईंसमोर बसले असते." खरं तर बसले असते का, देव जाणे. "का नाही म्हटलात?"

"आये व्हती."

"त्या यायच्या आधी. कडी आवळली तेव्हा. दुखलं असेल ना?"

ते पागोळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "तू हसत व्हतीस. पाऊस लागल्यापासनं तू अशी हसली नव्हतीस. मी बोल्लो आसतो तर तू थांबली आसतीस."

त्यांचा तो बधिर अंगठा मी हातात धरून बसले. त्यांना कळत होतं की नव्हतं, माहीत नाही.

संध्याकाळी जानू तांडेल आला. अंगणातूनच हाक मारली, "आनंदा, परवा पाटे चारला. डबा लवकर करायला सांग बायकोला." हे स्वयंपाकघरात उभे होते. सासूबाई चुलीशी, मी दारात. मला वाटलं, जाणार. मी मनात काशीरामचा हात बघत होते.

ते माझ्याकडे वळले. अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "नांगर."

मी हसले नाही. का म्हणून विचारलं नाही. बाजूला झाले आणि दार पूर्ण उघडलं. ते बाहेर गेले आणि जानूला म्हणाले, "जानू, माजा हात बरा नाय. त्या गाठी आयेनं बांदल्यात. मी विंचवर उबा ऱ्हायलो तर माजा नायतर दुसऱ्या कुणाचा जीव जाईल. मी येत नाय."

चुलीपाशी सासूबाईंची तव्यावरची भाकरी करपली. त्यांना त्या शब्दाचं काही माहीत नव्हतं.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सगळे बंदरावर गेले. हेही गेले, डाव्या हाताने नारळ टाकला. काही लोक बघत होते, काही कुजबुजत होते. जानूने विंचवर दुसरा माणूस घेतला आणि यांना म्हणाला, "हात आला की ये, जागा तुजी हाय." मला अजून भीती आहे. हात आलाच नाही तर? यांच्या मनात माझ्याबद्दल कायमची अढी बसली तर? भीतीचं एक बरं असतं, एक गेली की दुसरी बसायला तयारच असते.

२८ सप्टेंबर, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. गणपती आले नि गेले. जानूने यांना किनाऱ्यावरची कामं दिली, मासळी निवडायची, बर्फ भरायचा. कुरकुरत करतात.

तीन आठवड्यांपूर्वी अंगठ्यावर मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, चांगली खूण. परवा पडवीत बसले असताना एकदम हात झटकला आणि ओरडले. मी धावले. तांबडी मुंगी चावली होती, अंगठ्याच्या पाठीवर. चावलेल्या जागेकडे असे बघत बसले होते जसं काही लॉटरी लागलीय. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मुंगी चावली म्हणून साखर वाटणारं घर रत्नागिरीत आमचंच असेल. काल डोळे मिटून ओला-सुका दहा वेळा विचारलं. दहाच्या दहा बरोबर.

आज सकाळी सासूबाईंनी मला तांदळाच्या डब्यापाशी बोलावलं. कड्याचे दोन तुकडे काढून माझ्या हातात दिले. किती दिवसांपासून ठाऊक होतं, विचारलं नाही. म्हणाल्या, "हातात नको आता. देवाऱ्यात ठेव. देव हाताबिगर वळखतो त्याला." मग पिशवी उचलली. "मी मालगुंडला लेकीकडं जाते चार दिस. येताना फाटकापासनं खोकत येईन."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

दुपारी हे स्वतःच ट्रंकेपाशी गेले. मी नको म्हटलं. आज नको, कधीच नको. ते म्हणाले, "तुला नको तर नको. पन भ्यायचं म्हून नको म्हनू नको." मी बराच वेळ विचार केला. मग मी म्हटलं, माझ्या पद्धतीने.

दुसरी किल्ली यांनी कानस मारून तयार केली होती, ती दारामागच्या खिळ्याला लावली. मनगटं उघडी. भोक बाहेर. करंगळी आत घालून चहूकडून फिरवली. टोच्याने खटका दाबला आणि कडी ओढून बघितली, आवळेना. हे उताणे नाहीत, कुशीवर नाहीत, भिंतीला टेकून बसले. घड्याळ समोर.

"अंगठा हलव, आनंदा."

हलवला.

थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा हलवला. मी हळूहळू श्वास घ्यायला लागले. कधीतरी मला हसूही आलं, कशावर ते इथे लिहीत नाही.

आणि मी हसत असतानाच ते म्हणाले, "नांगर."

माझं काळीज लक्‌कन हललं. पण ठरल्याप्रमाणे काही विचारलं नाही. डावी काढली, उजवी काढली. मनगट हातात घेऊन चोळायला लागले, बोटं मोजली, अंगठा दाबला. लाल नाही, सुजलेलं नाही. शेवटी राहवेना, नियम मोडून विचारलंच, "काय झालं? कुठे दुखलं?"

"काय नाय गो," म्हणाले. "तू हसत आसताना म्हणता येतो काय, ते बगत व्हतो."